लाभ धरून बारा

—छे छे, मीठ नाही रे! मीठ कुणी सांगितलं तुला? ऑफिसातल्या कुणी? त्याला म्हणावं, जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, ये एकदा मांगारोआला, चार दिवस राहा आणि मग सांग. मिठानं गोठत नाही हे खरं, पण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, पंधरा दिवसांत सापळा गंजून लाल, आणि वर मेंढ्या येतात चाटायला. तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिले मी, सुयश, मीठ काय करतं ते मला नको सांगूस. दार ओढून घे. पूर्ण घे, वारा येतोय. आणि जरा हळू बोलू या हं, तुझे काका आत पडलेत. नाही नाही, बरे आहेत. गुडघा. थंडीत धरतो ना, म्हणून तर सापळे बंद केले यंदा. गुडघाच. तू बस त्या खोक्यावर. सुखदा आणि ऋचा नाही आल्या? वर तळ्याकडे गेल्यात? बर्फ फोडायला? ऐका! जाऊ दे, गमबूट आहेत ना पायात, मग झालं. काल आली होती तुझी लेक डबा परत द्यायला. एवढीशी चार वर्षांची, पण तोरा बघ, मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. बोटं सारखी नाकाशी नेत होती. मी हुंगून बघितली तर वेलचीचा घमघमाट! सुखदाला म्हणावं, शिरा केलास आणि काकूला वाटीभर नाही पाठवलास? नव्हता केला? मग खीर असेल. काहीतरी असेल.

तर पॉसम, तो मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा चोर. लिंबं सोलून ठेवतोय ना? साल तेवढी खायची आणि लिंबं नागडी लटकत ठेवायची झाडाला, मला माहीत आहे. चार सापळे देते तुला, शिकवते पण. खरं तर काकांनीच शिकवायचं, त्यांचं हे राज्य — पण ते... झोपलेत. हे बघ, जमिनीवरचा सापळा म्हणजे एवढंच, दोन जबडे, दोन बाजूंना स्प्रिंगा, मधे ही ताटली. ताटलीवर पाय पडला की फाट्. यात बिघडण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण हिवाळ्यात बिघडतो. का? थंडीनं? सगळे म्हणतात थंडीनं. चूक! पाण्यानं. दिवसा पाऊस, माती भिजते, रात्री उणे चार, भिजलेली माती दगड होते आणि ताटली त्या दगडात अडकते. पॉसम येतो, वर उभा राहतो, खातो, जातो. आमच्या पहिल्या हिवाळ्यात हेच चालायचं. आणि तुझ्या काकांनी काय केलं सांगू? हसू नकोस. खोबरेल घातलं! मेकॅनिकल इंजिनियर माणूस, पण त्यांच्या आईनं शिवणाच्या मशिनीपासून कड्याकुलपापर्यंत सगळ्याला जन्मभर खोबरेल घातलेलं, हात तिकडेच गेला. गरम पाण्यात बाटली धरून पातळ केलं, बारा सापळ्यांना चोळलं. सकाळी बघतो तर पांढरं लोणी! जबडे जागचे हलेनात. म्हटलं, अहो, पुण्यात जानेवारीत बाटली उन्हात ठेवावी लागायची, इथे काय होणार होतं? मग मी हातात घेतलं.

तर लक्ष दे. खड्डा उतारावर खणायचा, सपाट जागी नाही, म्हणजे पाणी वाहून जातं. तळाला बारीक खडी. मग माझी माती. ही बघ, पिंपातली. हात घाल. कशी आहे? भुशासारखी, हो ना? ही खालच्या दलदलीतली काळी माती, उन्हाळ्यात पत्र्यावर वाळवायची, आणि मग त्या जुन्या कुकरमध्ये मेण वितळवून त्यात परतायची. रवा भाजतो तशी, मंद आचेवर, हात न थांबवता. प्रत्येक कणाला मेण लागलं की झालं. पाणी धरतच नाही ती. वर ओत पाणी — ओत ना — बघ, मोती होऊन पळालं. हिच्यात सापळा बसवायचा, ताटलीखाली पोकळी ठेवायची, ताटलीवर मेणकागद, त्यावर परत हीच माती, बोटभर. मग पाऊस पडो, गारा पडोत, सकाळी तळं काचेसारखं होवो — सापळा आपला जागा! खोटं नाही सांगत, मागे एक महिना लावून ठेवला होता इथेच शेडमागे, नुसता बघायला. दोन हिमवर्षाव झाले त्याच्यावर. महिन्यानं काठी टेकवली — फाट्! काठीचे दोन तुकडे. काका म्हणाले, सुलेखा, आता हा मेला तरी झोपायचा नाही. इतका अभिमान वाटला होता मला त्या दिवशी.

आणि आमिष. नुसतं झाडावर फासलंस तर एका पावसात जाईल. आइस्क्रीमचा डबा घ्यायचा, झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर उलटा खिळायचा, आणि आमिष आतल्या बाजूला. कणीक, पिठीसाखर, जरा तेल. इथले लोक दालचिनी घालतात, मी वेलची घालते. पॉसमला काय वेड आहे वेलचीचं! आत कोरडं राहतं, तीन-तीन आठवडे वास जात नाही. डबा वर, सापळा बरोबर त्याच्या खाली, म्हणजे वर तोंड घालायला उभा राहिला की पाय ताटलीवरच.

पण एक गोष्ट, आणि ही मी तुला बजावून सांगते — रोज बघायचं. रोज सकाळी. कायदा आहे म्हणून नाही, कायदा तर आहेच. पण जिवंत जीव असतो रे त्यात, पाय अडकलेला, थंडीत. कंटाळा आला, ताप आला, ऑफिसला उशीर झाला — चालायचं नाही. काकांनी सात हिवाळे एक सकाळ चुकवली नाही. दोन हजार चारच्या पुरात कुंपण वाहून गेलं तरी माणूस कंबरभर पाण्यातून वर गेला. आणि मग या मे महिन्यात... जाऊ दे. एकदा राहिलं. दोन दिवस राहिलं. मी विचारलं, जाऊन आलात? म्हणाले, हो. बाहेर पाऊस, आणि कपडे कोरडे होते. मी वर गेले तर — जाऊ दे म्हणते ना. त्या जिवाचे डोळे अजून दिसतात मला. म्हणून आणले खाली सगळे. गुडघ्याचं निमित्त आपलं सांगायला.

हां, गुडघा आहेच. पण तू कुणाला बोलू नकोस. सुखदालासुद्धा नको. मराठी मंडळात एकदा कळलं की प्रत्येक जण फोन करून हळू आवाजात विचारणार. त्यांना ते सहन नाही व्हायचं. परवा त्यांनी मला विचारलं, आपण देश सोडून इथे अपर हटला का राहतो? थट्टेत नाही, खरंच विचारलं.

चल, सगळे सापळे काढू, त्यातले चांगले चार तू ने. ते खिळ्यावरचे दे इकडे एकेक. लाभ... दोन... तीन... हसतोस काय? अरे, 'लाभ' म्हणजे एक! तू पुण्याचा, तुला कसं माहीत असणार. मी मुलुंडची, मला तरी कुठे माहीत होतं? काकांच्या वडिलांचं जामखेडला भुसाराचं दुकान. धान्य मापताना पहिल्या मापाला एक नाही म्हणायचं, लाभ म्हणायचं. मग दोन, तीन, चार. यांच्या जिभेवर तेच बसलं. कपडे मोजताना लाभ, गोळ्या मोजताना लाभ, ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर म्हणाला उलटे आकडे म्हणा, तर दोननंतर लाभ म्हणून झोपले. आता मीपण तशीच मोजते, पस्तीस वर्षं झाली. दे. चार... पाच... तो गंजलाय का बघू, नाही, मेण आहे. सहा, सात, आठ. ते दोन एकत्र अडकलेत, नऊ, दहा. अकरा. आणि तो? कुठला? खिळा रिकामा? खाली पडला असेल, पिंपामागे बघ. टॉर्च घे.

नाही? बरं, परत मोजू. मीच चुकले असेन. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा.

थांब. बोलू नकोस जरा.

ते बाराच म्हणाले होते. मी ऐकलंय ना. तीन आठवडे झाले, गारा पडत होत्या, मी खाली गाडीत बसले होते फाटकापाशी, काच बोटभर उघडी ठेवून, म्हणजे आवाज येत राहील — हरवले तर कळावं म्हणून, आता तुला काय लपवायचं. ते वर जात होते आणि एकेक काढून पोत्यात टाकत होते, मोठ्यांदा मोजत, नेहमीसारखे. दोन! तीन! मी ऐकत होते. बारा म्हणाले तेव्हा मला रडूच आलं, म्हटलं डोकं शाबूत आहे माणसाचं, सगळं शाबूत आहे. आणि त्यांनीच खिळ्यांना लावले. मी मोजले नाहीत. कसे मोजणार? ते उभे होते ना इथे, जिथे तू आहेस तिथे. मी मोजायला लागले असते तर त्यांना कळलं असतं की माझा विश्वास उडालाय. बाईनं एवढंही करू नये का नवऱ्यासाठी?

पण 'लाभ' कुठे म्हणाले ते? म्हणाले होते. म्हणाले होते, सुयश, मी बघितलं! फाटकाशी. गाडीतून उतरले, फाटकाच्या खांबाला हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, लाभ. हात रिकामा होता. मला वाटलं, देवाचं नाव घेतल्यासारखं घेतलं असेल, बरं वाटलं मला उलट. आणि मग वर गेले आणि हातात आलेल्या पहिल्या सापळ्याला दोन म्हणाले. म्हणजे बारा म्हणेपर्यंत पोत्यात अकराच. अगं बाई गं. अकराच.

पहिला राहिला. पहिला कुठे असतो, पहिला... पहिला कधी हलवला नाही त्यांनी, सात वर्षं एकाच जागी, शकुनाचा म्हणून. फाटकातून वर गेलं की पहिल्या वळणावर, त्या मोठ्या मानुका झाडाच्या बुंध्याशी. तळ्याच्या वाटेवर.

तळ्याच्या—

सुयश, तुम्ही शिरा केलाच नव्हता.

काल ती बोटं. मी विचारलं, कसला गं वास, तर म्हणते, इट्स अ सीक्रेट, आजी. तो आमिषाचा डबा सापडलाय तिला. माझी वेलची. काल बाजूनं हात घातला असेल, किंवा कशी वाचली देव जाणे — उठ! खोका राहू दे, उठ! आज आईला दाखवायला नेलं असेल तिनं, सीक्रेट दाखवायला! सुखदाला फोन लाव. रेंज नाही, वर रेंज नसतेच. आणि तो जिवंत आहे, सुयश, तो गोठलेला नाही, मी माझ्या हातांनी बसवलाय तो, मेणाची माती मी घातली, कागद मी घातला. आज पहिल्यांदा म्हणतेय, देवा, गोठू दे रे, दगड होऊ दे त्याचा, पण छपराचं पाणी ठिबकायला लागलंय बघ, ऊन आलंय. पळ! गाडी नको, चिखलात रुतेल, कुंपणावरून उडी टाक आणि हाका मारत जा, नावानं हाका मार, म्हणजे थांबतील आहेत तिथे. आणि ऐक, ऐक, जर... जर तसं काही झालंच असेल तर ओढायचं नाही. हात ओढायचा नाही. दोन्ही स्प्रिंगांवर दोन पाय ठेवून उभं राहायचं, पूर्ण वजन द्यायचं, जबडे आपोआप उघडतात. दोन पाय. दोन्हीकडे. जा! माझ्याकडे काय बघतोस, मला काय बोलायचं ते नंतर बोल, आयुष्यभर बोल, आता जा!

...

अं? हो, हो, आले. काही नाही. तुम्ही कशाला उठलात, अनवाणी? सुयश होता. गेला. सापळे बघायला आला होता.

हो. मोजले ना.

बारा आहेत. बाराच्या बारा. तुम्ही आत चला.