रेडिओवर दादाचं नाव

तुम्ही हसाल, पण चहा निवला तरी रेडिओवर दादाचं नाव आलं नाही, तेव्हाच मला वाटलं, दादाला काहीतरी झालं. दादा त्या वर्षी कलकत्त्याच्या फुटबॉल लीगमध्ये एका क्लबचा पगारी गोलकीपर होता. इथे चांद्यात आम्हाला ना बंगाली यायची, ना फुटबॉल कळायचा. शेजारच्या रेंजरसाहेबांच्या रेडिओवर, मॅचच्या बंगाली कॉमेंटरीत, दादाचं नाव आलं की आई हात जोडायची. आदल्या मॅचला तर ते इतक्यांदा आलं, की तिने पेढे वाटले.

आज मॅच संपली, तरी एकदाही नाही.

"पडला असन का वं?" आईने हळूच विचारलं.

मी तशीच पोस्टात धावले. ट्रंक कॉल लावणारे भाऊ म्हणाले, "बसा बाई. लाइन नागपूरवरून जाते. रडल्यानं लवकर नाई लागत."

तोवर मला दवाखाना दिसत होता, दादाच्या अंगावरची पांढरी चादर दिसत होती. रिसीव्हर हातात आला तर त्यात नुसती खरखर. मी हॅलो हॅलो करत राहिले. शेवटी क्लबच्या मेसमध्ये कुणीतरी फोन उचलला. दादाच होता.

"दादा, तुले काय झालं? आज तुझं नाव काऊन नाई घेतलं?"

"बॉलच नाई आला वं माह्याकडं. उभा राहून राहून पाय दुखून राह्यले. आईले सांग, माह्यं नाव घेत नसले का समजावं, आपण जिंकून राह्यलो."