प्रश्न न विचारणारा घरमालक

नाही, मला एक सांगा, परक्या देशात पोरगी पाठवायची तर विश्वास ठेवायचा कुणावर? गोड बोलणाऱ्यावर की खेकसणाऱ्यावर? ...बघा, लगेच म्हणालात, गोड बोलणाऱ्यावर! इथंच तर तुमचं चुकतं! आमच्याही घरात हेच झालं. मी एकटा ओरडत होतो आणि सगळे मलाच म्हणत होते, तुम्हाला काय कळतं, तुम्ही कधी परदेशात गेलाय का? अरे, नाही गेलो! पासपोर्टसुद्धा नाही माझ्याकडे. पण घरमालक आहे ना मी, घरमालक!

तुम्हाला सांगतो, मी पोपट घरत, उलव्याचा. नळ-पाइपचं दुकान आहे माझं. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. सिडकोनं नवी मुंबई वसवायला जमीन घेतली, बदल्यात प्लॉट दिला, प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली आणि बिल्डिंगीत माझ्या खोल्या भाड्यानं लागल्या. न्हावा शेवा बंदराचे एजंट राहून गेले, विमानतळाचे इंजिनिअर राहून गेले, आणि आता टांझानियाचा बराका राहतो, इथल्या कॉलेजात फार्मसी शिकतो. म्हणजे मी परदेशात नसेन गेलो, पण परदेश माझ्या दुसऱ्या मजल्यावर राहतो की नाही?

तर आमची निशिगंधा. तिला डब्लिनला मास्टर्ससाठी ॲडमिशन मिळाली. व्हिसा आला, तिकीट आलं, बॅग भरली, फक्त राहायला खोली नाही! आणि तिथं म्हणे खोली मिळणं ॲडमिशनपेक्षा कठीण. पोरगी दिवसभर मोबाइलवर खोल्या बघायची, पन्नास जणांना लिहायची, उत्तर एकाचं नाही. जेवण सुटलं पोरीचं. आणि एक दिवस किंचाळलीच, "पप्पा, मिळाली!"

फोटो बघितले. पांढरीशुभ्र खोली, खिडकीत फुलं आणि पलंगावर... उशा मोजल्या मी... सात! तिथंच चमकलो. भाड्याच्या खोलीत सात उशा? अहो, मी भाडेकरूला पंखा दिला तर रेग्युलेटर द्यायचा की नाही याचा आठवडाभर विचार करतो!

म्हटलं, मालक काय म्हणतो? तर म्हणे, "अँड्र्यू नाव आहे. इतका कूल आहे पप्पा, काही म्हणजे काहीच विचारलं नाही!" काहीच नाही? मांसमच्छी? नाही. रात्री किती वाजता येणार? नाही. मैत्रिणी राहायला आणणार का? नाही! फक्त लिहिलंय, 'डियर, ही खोली तुझीच समज, मी कामासाठी दुसऱ्या देशात आहे, तू डिपॉझिट पाठव, चावी कुरिअरनं येईल.'

आणि आमच्या मंडळी, रंजिता, त्या तर विरघळल्याच. "अहो, मानूस कवरा चांगला हाय, बगा तरी! शेवटाला देवाचं नाव पन लिवलंय!"

अगं बाई, घरमालक आणि प्रश्न विचारत नाही? असला घरमालक देवानं अजून बनवला नाही! मी बराकाला खोली दिली तेव्हा काय केलं होतं आठवा जरा. तो दारात उभा, बॅग खांद्यावर आणि मी सुरू, "बेटा, लाइट बंद करके जाता है ना? गाना कितना जोर से बजाता है? दोस्त कितना है? सब एक साथ आता है क्या? गीला कपडा किधर सुखाएगा?" शेवटी बिचारा म्हणाला, "अंकल, ये एक्झाम कब खतम होगा?" ही असते खोली देण्याची रीत! घरमालक आहे मी, मला शिकवू नका!

पण ऐकतं कोण? तेवढ्यात अँड्र्यूचा मेसेज, 'डियर, दुसरी एक मुलगी तयार आहे, आज संध्याकाळपर्यंत ठरव.' झालं! निशिगंधा रडायलाच लागली. "पप्पा, तुमच्या संशयापायी ही खोली गेली तर मी तिकडे रस्त्यावर झोपू का?" ...आता, तुम्हाला सांगतो, हे ऐकलं की बापाचा हात आपोआप पाकिटाकडं जातो. घरमालक कितीही पक्का असला तरी जातो. वाटलं, पाठवावं आणि सुटावं. पण म्हटलं, बाळा, एकच प्रश्न विचार. बाथरूममधला कुठला नळ गळतो?

उत्तर आलं, 'डियर, एव्हरीथिंग इज परफेक्ट!'

सगळं परफेक्ट! मी नळ विकतो हो! न गळणारा नळ असता जगात, तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं!

मग मी वर गेलो, बराकाला म्हटलं, तुमच्याकडचं कुणी आहे का रे डब्लिनला? तर याची मावसबहीण तिथं नर्सिंगला! रविवारी ती पोरगी दिलेल्या पत्त्यावर गेली, तिथून आम्हाला व्हिडिओ कॉल. आम्ही सगळे डोक्याला डोकी लावून बघतोय... काय निघालं? कुत्र्यांचे केस कापायचं दुकान! काचेच्या आत एक पांढरं कुत्रं आमच्याकडं बघतंय, अंगाला साबण! रंजिता म्हणाली, "अग्गो बाई, आता यालाच डिपॉझिट देनार व्हतो ना आपन?" त्या रात्री निशिगंधानं नुसतं माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. समजलो मी.

म्हणून सांगतो, लिहून घ्या नाहीतर डोक्यात ठेवा. आपलं माणूस दारात उभं राहून आत डोकावल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही. ओळखीचं नसेल तर कॉलेजच्या खोल्या बघून देणाऱ्या ऑफिसला विचारायचं, त्यांचा पगारच त्याचा असतो. पहिले पंधरा दिवस हॉस्टेलात काढा, जीव जात नाही. आणि खोली घेतली की त्याच दिवशी भिंतींचे फोटो काढा, चारही! का? कारण निघताना खिळ्याचं जुनं भोकसुद्धा मालकाला नवीन दिसतं. कसं माहीत काय विचारता? घरमालक आहे ना मी!

मग त्या ऑफिसनंच एक पत्ता दिला, मिसेस नोलन, वरची एक खोली देणार. बराकाची बहीण आधी जाऊन बघून आली, म्हणाली, आत पाय टाकायच्या आधी म्हातारीनं बूट काढायला लावले. मी म्हटलं, वा! मग व्हिडिओ कॉल. काय ती बाई! चष्म्यातून बघत, "आंघोळीला किती वेळ लागतो? केस गळतात का? दार आपटतेस का? फोनवर मोठ्यानं बोलतेस का?" निशिगंधा मला खुणावतेय, नको, नको... आणि मी मागून ओरडतोय, घे! हीच घे! ही खरी आहे! म्हातारी थांबली, म्हणाली, "मागे कोण ओरडतंय? तो पण राहायला येणार आहे का?"

आणि शेवटी तिनं विचारलं, "फिश?"

आमच्यासारख्या खाडीकाठच्या घरात हा प्रश्न म्हणजे श्वास घेता का विचारण्यासारखा. म्हातारी म्हणाली, मासे घरात तळायचे नाहीत. मी धंद्याचा माणूस, पोरीला मधे घालून अर्धा तास भाव केला. ठरलं, महिन्यातून दोनदा, खिडकी उघडी ठेवून, आणि तळले की त्या दिवशी स्वतः खाली जाऊन सांगायचं.

आता तिकडे सुखात आहे पोरगी. परवा फोन आला, हळू आवाजात, "पप्पा, या महिन्यात चारदा तळले, पण सांगितले दोनदाच." आता काय बोलणार? इथं आमची नवरात्र चालू, मी उपासाची भगर गिळतोय आणि ही मला व्हिडिओवर तळलेला मासा दाखवतेय! बाप म्हणतो, खा गं माझी बाय. पण म्हातारीच्या नाकाचं काय? तिला पहिल्या दिवसापासून माहीत असणार, नुसती वाट बघत बसली असणार, कारण मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं! म्हटलं, जा खाली, चारचे चार सांग, आणि पुढचे दोन महिने अंडी खा. तेव्हा पोरांनो, तुम्हीही कुठल्याही देशात जा, काहीही शिका, पण किती मासे तळले याचा हिशोब तेवढा प्रामाणिक ठेवा रे बाबांनो!