जिनिंगमधली इंग्रजीची शिकवणी

अन वरून आमचे मोतीलाल सेठ म्हणतात, "कवडू, शिकवणीत तू ध्यानच देत नाईस!" आता तुमालेच सांगतो, मी जिनिंगचा, म्हंजे सरकी काढाच्या कारखान्याचा काटेवाला, बैलबंडीतून आलेला कापूस तोलाचं माहं काम... कापसाले काय इंग्रजी समजते? पण सेठजीच्या डोक्शात भरलं! मुंबईचे व्यापारी येऊन राह्यले, आपल्या मानसाईले इंग्रजी आलीच पायजे! झालं, रिटायर झालेले स्टेशनमास्तर महादेवराव आले शिकवाले. अन शिकवनं तरी कसं? फळा नाई, पुस्तक नाई! आमाले गोल बसवलं अन म्हणे, "मी शिकवनार नाई, तुमी आपसात बोला. प्रेमदास, तू साहेब हो. कवडू, तू विनंती कर." प्रेमदास आमचा इंजनवाला, हाताले ग्रीस, अन पायावर पाय टाकून बसला साहेब होऊन... मले हासूच आवरेना! मंग महादेवराव नाकातून, "हासू नका! म्हणा, डियर सर, आय बेग टु स्टेट..." महिनाभर रोज दुपारी तेच! तिकडं बंड्याईची रांग फाटकापावतर, बैलं हंबरून राह्यले, अन मी आपला बेग टु स्टेट! कापसाले काय इंग्रजी समजते हो?

मंग आला ना खरा साहेब! मुंबईचा, सुटाबुटातला. सेठजीनं मलेच पुढं ढकललं. साहेब कापसाच्या गंजीपाशी उभा राह्यला, अन खिशातून काढून पेटवली ना सिगरेट! जिनिंगमंदी!! आत चाळीस मानसं, एक ठिणगी पडली का सारी राख! मी हात जोडून सुरू केलं, "डियर सर, आय बेग टु स्टेट... दॅट... दॅट..." पुढचं काई येईच ना! साहेब हासून मान हलवते, सिगरेटची राख लोंबून राह्यली, अन मांगून महादेवराव, "शाबास! पूर्ण वाक्य बोल!" पूर्ण वाक्य होईपावतर जिनिंग उरंन काय?

तेवढ्यात कापसातला कचरा वेचनारी देवकाबाई धावत आली. "नो! नो!! नो!!!" अन आगीसाठी भरून ठेवलेली पान्याची बादली थेट साहेबाच्या आंगावर! सिगरेट विझली, साहेब न्हाला, सेठजी पांढरेफटक!

साहेबानं तोंड पुसलं. "अहो, मी साताऱ्याचा आहे! मराठीत सांगायचं होतं ना!"

पण भला मानूस बरं! "चूक माझीच," म्हणे, अन सौदाही केला. जाता जाता सेठजीले म्हणे, "त्या बाईंचं इंग्रजी मात्र लगेच समजलं!"

संपलं! सोमवारपासून देवकाबाई आमाले शिकवून राह्यली... अन महादेवराव बसतात माह्या बाजूले, वही घेऊन!