एकटीचा नकार

शहाद्याच्या स्टँडवर उभ्या धडगाव बसमध्ये भास्करराव पुस्तकात तोंड खुपसून पुढच्या बाकावरचं ऐकत होते. तिथे उदेसिंगच्या फोनच्या स्पीकरवर त्याची इंजिनियर मुलगी आशा जिनिव्हाच्या बैठकीतून बोलत होती.

"बा, सगळे देश मिळून विजेच्या मीटरचा एकच नियम ठरवतायत. मीटरचं नेटवर्क गेलं की वीजचोरीचा संशय धरायचा म्हणे."

"आपल्या डोंगरात नेटवर्क असतं कधी?"

"तेच ना! पण बाकी सगळे तयार आहेत. मी एकटीच नाही म्हणू?"

"आपल्या पंचांत एक जण अडला, तर काय होतं?"

"सगळे पुन्हा बसतात."

"मग बसव."

"भीती वाटते, बा."

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, फुलवंताबाईने, फोन ओढला. "कधी बोलणार?"

"आत्ताच, आई. जेवणाआधी."

"येडी! उपाशी पंचांनी कधी कुणाचं ऐकलंय? त्यांना जेवू दे. तूही पोटभर जेव, मग उभी राहा."