सातवीच्या वर्गात गुलामभाई

हिंगोलीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघं. एकाच्या मांडीवर बांगड्यांचा डबा.

"गुलामभाई, रुक्सार कितवीला हाय आता?"

"बारावीला, जळबा. सायन्स!"

"करोनात शाळा सुटली होती म्हणे तिची?"

"सुटलीच असती. घरात फोन एक, अन् तो माझ्यासंगं गावोगाव. सरांनी फोनवरच्या वर्गात हजेरी घेतली की मीच म्हणायचो, हजर."

"सातवीच्या वर्गात तुमी?"

"मंग! बायांना बांगड्या भरता भरता ऐकायचो, अन् घरी जाऊन पोरीला सांगायचो."

"सरांनी धरलं न्हाई?"

"धरलं की. एक दिवस म्हणले, रुक्सार, कविता म्हण."

"मंग?"

"मीच म्हणली. अर्धीच येत होती."

"लई बोलले असतील."

"न्हाई. फोन घरी कवा असतो, इतकंच इचारलं. दुसऱ्या दिवसापासून सांजच्याला परत शिकवू लागले. ज्यांचा फोन रानात, बाजारात जायचा, त्या साऱ्या लेकरांसाठी."

"म्हंजे तुमी सुटले."

"काहून? पोरीच्या बाजूला बसायचो ना. सर तिचं नाव घ्यायचे, अन् मंग म्हणायचे, गुलाम नबी?"

"अन् तुमी?"

"उभा राहून म्हणायचो, हजर सर!"

"उभं काहून? फोनमधून सरांना कुठं दिसून राहिलं?"

"पोरीला दिसत होतं की."