मधल्या मापाचा कॅम

मागच्या चढाईच्या आदल्या दिवशी बाबा दोर अडकवायला खडकाच्या फटीत उघडून बसवायचे कॅम पुसत म्हणाले होते, "मधला एक नसला तरी चालतं गं."

आज तेच सामान विकायला मी दुकानात आले. "बाबा नाही आले?" दुकानदाराने विचारलं. मी सामानाची पिशवी घेऊन रांगेत थांबले. पुढे एक वडील आणि त्यांची मुलगी कॅम बघत उभे होते.

"बाबा, बोटाएवढ्या फटीला आपल्याकडे कॅमच नाही."

"त्याहून लहान आहे ना? तोच उघडून बसवायचा."

"पूर्ण उघडला की नुसता टेकतो, धरत नाही."

"तू रांगत होतीस तेव्हापासून कडे चढतोय मी!"

"म्हणूनच गुडघे वाजतात तुमचे."

"अगं, मधला एक नसला तरी चालतं."

माझ्या हातातली पिशवी खणखणत खाली पडली.

"लागलं का, ताई?" मुलीने विचारलं.

मी तिच्या वडिलांकडे वळले. "तो मधला कॅम घ्या, काका. माझ्या बाबांनी लहानच उघडून बसवला होता. तो निसटला. माझे बाबा गेले."