उत्तर आलेली मुलगी

—नाही नाही, बसा तुम्ही बाई, खुर्चीवरचे कपडे मी उचलते, धुतलेलेच आहेत. नात आतच आहे, पण कडी लावून बसलीय, शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं तिचं. सूनबाई कामावरून यायची आहे, ती आली की तुमचं काही खरं नाही, तेव्हा आधी माझ्याशीच बोला. काय म्हणता — तुम्ही हात लावला नाही? ते ठाऊक आहे हो मला. हल्ली शिक्षकांनी मारायचं नाही असा कायदा झालाय, म्हणून तुम्ही उत्तर आलेल्या मुलीला सांगितलंत, जिला आलं नाही तिच्या थोबाडीत दे. वर्ग हसला असेल. हसतातच पोरं, पाळी आपली नसली की.

तुम्हाला वाटतं, हे तुम्ही शोधून काढलंत? अहो, आमचे गुरुजी हेच करायचे. छडी तर होतीच, अंगठे धरायला लावायचे, बोटांत पेन्सिल घालून दाबायचे — आणि आईबाप वर सांगून यायचे, हयगय करू नका म्हणून. पण त्याचं फारसं काही वाटायचं नाही, गुरुजी म्हणजे मारणारच, घरी येऊन त्यांची नक्कल करायची, पोट धरून हसायचं, संपलं.

मी? मी नाही शिकले, घरात काम असायचं, धाकटी भावंडं — कडी वाजली का? नाही, वारा असेल — तर एकाच वर्गात बसायचो आम्ही, मी आणि दादा. म्हणजे गेले होते मी, थोडे दिवस. पाढा चुकला माझा. दादाला येत होता. ‘मार,’ गुरुजी म्हणाले. त्यानं नुसता हात लावला गालाला, माशी उडवावी तसा. मग कसं मारायचं ते गुरुजींनी त्याला दाखवलं — त्याच्याच गालावर. मग मारलं त्यानं, बाई. जोरात मारलं. मी नाही रडले, तोच रडला.

त्यानंतर मीच हट्ट धरला, जायचं नाही. काम-बिम काही नव्हतं घरात, उगाच सांगते मी सगळ्यांना. माझा गाल संध्याकाळपर्यंत बरा झाला. दादा मात्र — एवढा गप्पिष्ट माणूस, जगाशी बोलतो, आणि माझ्याकडे आला की दारातच उभा राहतो, ‘बरी आहेस ना’ म्हणतो भिंतीकडे बघून. कितीदा म्हटलं, अरे, पोरं होतो आपण. तर लगेच चपला शोधायला लागतो.

कशाला सांगतेय मी हे तुम्हाला? हिची समजूत मी घालीन, चिडेल, धुसफुसेल, येईल शाळेत. पण ती दुसरी, उत्तर आलेली, खालच्या शिंप्याची — दोघी एकमेकींच्या वेण्या घालायच्या, रोज जिन्यातून हाक मारायची ती. काल आली नाही, आजही नाही. सकाळी मी खाली गेले तर मशीनमागे जाऊन बसली, उजवा हात फ्रॉकच्या खिशात कोंबून. कितीही म्हटलं तरी काढेना.

उठा बाई. पाणी राहू द्या. आधी खाली जा, आणि तिला सांगा — तो हात तुमचा होता.